फुलोऱ्यात फवारणी केली, शेजाऱ्याच्या मधमाश्या मेल्या. आता काय करता येईल?

बांधावरचा (धागाकर्ता)

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, तोही स्वतःच्या चुकीचा. शिव्या घालायच्या तर घाला, पण सोबत उत्तरंही द्या.

सूर्यफूल ऐन फुलोऱ्यात होतं. अळी दिसली, पानांवर ठिपकेही होते. थायमेथोक्झाम आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिनचं तयार मिश्रण येतं ते आणलं, आणि दोनदा पंप कोण पाठीवर घेणार म्हणून त्याच टाकीत प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशकही ओतलं. सकाळी नऊला सुरुवात केली, साडेअकराला हात धुतले. माश्या फुलांवर होत्या. मला दिसत होत्या. मनात एवढंच होतं की चावायला नकोत.

बांधापलीकडे शेजाऱ्याच्या मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. दुसऱ्या दिवशी तो रुमालात ओंजळभर मेलेल्या माश्या बांधून घेऊन आला. भांडला नाही. "काय काय मारलंस त्याची नावं दे, वहीत लिहून ठेवतो," एवढंच म्हणाला. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

आज चौथा दिवस. पेट्यांसमोर अजून माश्या मरून पडतायत. उरलेल्या जगवता येतील का? हेच संध्याकाळी केलं असतं तर टळलं असतं का? एक ओळखीचे म्हणतात की पुढच्या वेळी 'कमी विषारी' वर्गातलं औषध घे म्हणजे झालं. खरंच झालं का?


मोहोळवेडा

आधी पेट्यांचं बघू.

मेलेल्या माश्यांची जीभ बाहेर आली आहे का? काही माश्या दाराशी थरथरत, एका जागी गरगरत होत्या का? रोगाने वसाहत खचते ती हळूहळू, एका रात्रीत असा ढीग पडत नाही. शेजाऱ्यांना सांगा, शे-दोनशे ताज्या मेलेल्या माश्या स्वच्छ डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, वर तारीख टाका. दोन दिवस उन्हात पडलेल्या माश्यांमधून प्रयोगशाळेच्या हाती फारसं काही लागत नाही.

मग पेटी उघडून दोन गोष्टी पाहायच्या. राणी अंडी घालतेय का, आणि अळ्या धड आहेत का. बाहेर चरायला जातात त्या वयाने मोठ्या माश्या. हंगामात कामकरी माशी सहाएक आठवडे जगते, त्यातले शेवटचे दोन-तीन आठवडे ती बाहेर असते. तेवढ्याच गेल्या असतील तर आतल्या तरुण माश्या वेळेआधी बाहेर पडू लागतात, वसाहत खंगते, पण राणी शाबूत असेल तर उभी राहते. साखरेचा पाक द्यायचा, दार लहान करायचं कारण दुबळी पेटी लुटायला दुसऱ्या वसाहतीच्या माश्या टपलेल्या असतात, जवळ चांगलं पाणी ठेवायचं. फारच दुबळ्या दोन पेट्या असतील तर एकीत एक मिसळायच्या.

पण तुम्ही म्हणता चौथ्या दिवशीही मरतायत. म्हणजे मला वेगळीच शंका आहे. मकरंद नेताना माशी वाटेत मेली तर विष तिच्याबरोबर संपतं. पराग मात्र पेटीत साठवला जातो, आणि दाई माश्या तो खाऊन अळ्यांना भरवतात. त्या सकाळनंतर भरलेल्या परागाच्या फ्रेम (पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी) ओळखता येत असतील तर काढून टाका. मलाही असं एकदा करावं लागलं आहे. भरलेली फ्रेम फेकताना हात थांबतो, पण फेका.


सायलीची_वही

वाचतेय. कबूल करून धागा काढलात याचं कौतुक.


प्रयोगवही

फुलोरा आणि सकाळची वेळ या दोन चुका तुम्हाला कळल्या आहेत. तिसरी कळलेली दिसत नाही. ती बुरशीनाशकाची.

मधमाशीच्या शरीरात बाहेरची विषं फोडणारी विकरं असतात, पी-४५० नावाच्या कुळातली. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं, म्हणजे तुमचं प्रोपिकोनॅझोल, बुरशीमधलं याच कुळातलं एक विकर बंद पाडतात. माशीची विकरंही त्यांच्या तडाख्यात सापडतात. नुसत्या बुरशीनाशकाने माशी सहसा मरत नाही, म्हणून आपण ते निर्धोक समजतो. पण तिची ढाल त्याने काढून घेतलेली असते. लॅम्डा सायहॅलोथ्रिनच्या बाबतीत हे १९९० च्या दशकातच प्रयोगात दिसलं होतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अॅसिटामिप्रिड आणि थायाक्लोप्रिड या थायमेथोक्झामच्याच गटातल्या, त्यातल्या त्यात सौम्य औषधांचा विषारीपणा अशा बुरशीनाशकांच्या सोबतीने शेकडो पटींनी वाढलेला आढळला. आकडे प्रयोगशाळेतले आहेत, शिवारात तेवढे चढतीलच असं नाही. दिशा मात्र तीच.

तुमच्या टाकीत थायमेथोक्झाम होतं, त्याला तर सोबतीचीही गरज नव्हती. पोटात साधारण ५ नॅनोग्रॅम गेलं तर अर्ध्या माश्या मरतात. एका ग्रॅममध्ये अशा २० कोटी मात्रा होतात. सगळं औषध माश्यांच्या पोटात जात नाही हे उघड आहे, पण आपण झाकणाने मापून जे ओततो ते काय आहे याचा अंदाज यावा म्हणून हिशेब मांडला.

'कमी विषारी' वर्गाबद्दल: ती वर्गवारी उंदरांवरच्या चाचण्यांवरून, माणसाच्या धोक्याचा अंदाज बांधण्यासाठी केलेली असते. माशीचा तिच्याशी संबंध नाही. स्पिनोसॅड जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'किंचित धोकादायक' वर्गात आहे आणि ओलं असताना मधमाशीला अत्यंत विषारी आहे. तेव्हा वर्ग पाहू नका. माहितीपत्रक उलगडून त्यात मधमाश्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. अक्षर मुंगीएवढं असतं हे मान्य.


बांधावरचा

प्रयोगवही, झोप उडवलीत. दोन औषधं एकत्र घातली की एक फेरी वाचते एवढंच गणित मला येत होतं.

मोहोळवेडा, जीभ बाहेर आलेली आहे. तुमचा निरोप शेजाऱ्याला वाचून दाखवला. फ्रेम आज काढतोय. नवी पेटी, नवा माणूस अशी दोघांची अवस्था आहे, त्यानेही पेट्या ठेवल्याला दोनच वर्षं झाली.

संध्याकाळचं कुणी सांगेल का?


रानवाट

संध्याकाळी फवारणं सकाळी फवारण्यापेक्षा केव्हाही बरं. पण 'संध्याकाळी मारलं, म्हणजे पाप फिटलं' असं जे पसरलंय ते खरं नाही. फूल कोणतं आणि औषध कोणतं, दोन्हीवर ते अवलंबून आहे.

भोपळ्याचं फूल घ्या. पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मिटतं, परत उघडत नाही. संध्याकाळी फवारलं तर दुसऱ्या दिवशी माशी नव्या फुलात शिरते, ज्याच्या आत औषध पडलेलंच नाही. सूर्यफुलाचं तसं नाही. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा ताटवा असतो, कडेकडून आत रोज थोडी थोडी फुलं उमलतात आणि तबक आठवडाभर उघडंच असतं. संध्याकाळी पडलेलं औषध सकाळी तिथेच वाट पाहत असतं. ते काही तासांत विरणारं असेल तर माशी वाचली, दोन-तीन दिवस टिकणारं असेल तर वेळ बदलून फार काही साधत नाही. शिवाय थंडी असेल तर औषध जास्त वेळ टिकतं आणि दवाने परत ओलं होतं. लोक हे लक्षात घेत नाहीत.

कपाशीची गंमत आणखी वेगळी. तिच्या पानांच्या मागच्या शिरेवरही मकरंदाच्या ग्रंथी असतात. फुलं नाहीत म्हणून बिनधास्त फवारलं तरी माश्या पानांवर असतात.

आणि आग्या माशी! बाकीच्या माश्या दिवेलागणीला घरी जातात, आग्या चांदण्या रात्री चरायला निघते. पौर्णिमेच्या आसपास रात्री आठला फवारणारा निर्धास्त असतो, आणि फुलांवर माशी असते. मी स्वतः चांदण्यात गुणगुण ऐकली तेव्हा आधी कानांवर विश्वास बसला नव्हता.


चहाटळ

आइनस्टाइन म्हणालाच होता की मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. लक्षात कोण घेतो!


प्रयोगवही

चहाटळराव, आइनस्टाइन असं कुठे म्हणाल्याची नोंद नाही. आणि ते खरंही नाही. मुख्य धान्यं वाऱ्याने फळतात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं थोडीफार तरी कीटक-पाखरांच्या परागीकरणावर अवलंबून असल्याचं म्हटलंय, पण त्या पिकांचा जगातल्या एकूण उत्पादनातला वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. आपण उपाशी मरणार नाही. फळं, तेलबिया, भाज्यांचं बियाणं हे सगळं कमी आणि वेडंवाकडं होत जाईल. एवढं खरं बोलूनही पुरेसं भीतिदायक आहे, त्याला मोठ्या नावाचा टेकू कशाला?


उभं_पीक

सगळे माश्यांच्या बाजूने बोलताय, एक बाजू माझीही ऐका. मी कांद्याचं बियाणं करतो. गोंडे फुलले की फुलकिडे घुसतात. नाही मारलं तर गोंडा वाळतो. मारलं तर तुम्ही म्हणणार माश्या मेल्या. धागाकर्त्याला रुमाल दाखवणारा शेजारी तरी आहे. माझं पीक गेलं तर मी रुमालात काय बांधून कुणाकडे नेऊ? पेट्या उचलून हलवता येतात. पीक हलवता येत नाही.


मोहोळवेडा

उभं_पीक, राग समजतो. पण तुमचंच उदाहरण माश्यांच्या बाजूचं आहे.

कांद्याच्या फुलात पराग आधी गळून जातो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर पक्व होतो. म्हणजे फूल स्वतःचं स्वतः भागवू शकत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी न्यावा लागतो, आणि ते काम मुख्यतः माश्या करतात. कॅलिफोर्नियातल्या कांदा बियाण्याच्या शेतांचा एक अभ्यास २०११ मध्ये आला होता. बियाणं कमी का येतंय ते ते लोक शोधत होते. जिथे कीटकनाशकं जास्त तिथे माश्यांच्या भेटी कमी, आणि बियाणंही कमी, असं निघालं.

फुलकिडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. गोंड्याचं आवरण फाटण्याआधी त्यांचा बंदोबस्त करा. तेव्हा औषध मारलं तर माशीला तिथे यायचं कारणच नसतं. फक्त टिकणारं किंवा आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारं) औषध असेल तर फुलण्याच्या बरंच आधी थांबा. फुलोऱ्यात हात आवरा. अगदीच अंगाशी आलं तर कमी टिकणारं औषध, दिवस मावळल्यावर, आणि पेटीवाल्याला दोन दिवस आधी निरोप.

पेट्या उचलून हलवता येतात म्हणालात. अर्धं खरं. दोन-तीन किलोमीटरच्या आत हलवल्या तर चरणाऱ्या माश्या जुन्या जागीच परत येतात आणि रिकाम्या जागेवर घोंगावत मरतात. लांब न्याव्या लागतात, त्याही रात्री, दारं बंद करून. म्हणूनच निरोप आदल्या तासाला देऊन उपयोग नाही. हलवणं जमलं नाही तर पेटीवर ओलं गोणपाट टाकून सकाळचा वेळ माश्या आत धरता येतात, ते वरचेवर भिजवत राहायचं. उन्हात दार ठासून बंद केलं तर आतल्या आत गुदमरून, उकडून मेण वितळतं. विषापासून वाचवायला जाऊन अशा पेट्या मारणारे लोक मी पाहिलेत.


उभं_पीक

आवरण फाटण्याआधी हा मुद्दा मान्य. तेवढा वेळ असतो, पण तेव्हा किडे दिसत नाहीत म्हणून आपण गाफील राहतो. दिसल्यावर धावपळ.

पण एक शंका. फवारणीची भानगडच नको म्हणून मी बाकी पिकांत बीजप्रक्रिया केलेलं बियाणं वापरतो. औषध बियाण्याला, जमिनीखाली. फवारा नाही, वारा नाही, माशीचा संबंध नाही. हे तर चांगलंच ना?


प्रयोगवही

हाच प्रश्न यायला हवा होता, कारण आतापर्यंतची सगळी चर्चा वेळ सांभाळण्याची आहे. बीजप्रक्रियेत वेळ नावाची गोष्टच उरत नाही.

निओनिकोटिनॉइड गटातली औषधं (इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायमेथोक्झाम) आंतरप्रवाही आहेत. बियाण्याला लावलेल्या औषधाचा थोडाच भाग झाड घेतं, बराचसा मातीत राहतो. झाड जे घेतं ते पानात, परागात, मकरंदातही उतरतं. कोवळ्या मक्याच्या पानांच्या टोकाला सकाळी थेंब येतात, त्यातही ते सापडलेलं आहे, आणि माश्या पाणी शोधत फिरत असतात. मात्रा फवाऱ्याच्या मानाने फार कमी असते, माश्या ढिगाने मरत नाहीत. म्हणूनच हे वाद इतकी वर्षं चालले.

जिथे ढिगाने मेल्या ते प्रकरण पेरणीतल्या धुळीचं होतं. २००८ च्या वसंतात जर्मनीत, वरच्या ऱ्हाइन खोऱ्यात, मक्याच्या बियाण्यावर क्लोथियानिडिनचा लेप नीट चिकटलेला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी ती धूळ बाहेर फेकली, ती शेजारच्या फुललेल्या शेतांवर बसली आणि ११ हजारांहून जास्त वसाहतींना झळ पोहोचली. पेरणाऱ्यांपैकी कुणीही फवारा मारला नव्हता.

२०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक चकत्या चिकटवल्या, न मारणाऱ्या मात्रेत थायमेथोक्झाम पाजलं आणि घरापासून दूर सोडल्या. बऱ्याच परतल्याच नाहीत. माशी मरत नाही, पण तिला घर सापडत नाही. पेटीवाल्याला दाराशी ढीग दिसत नाही, नुसती पेटी हलकी होत जाते.

फ्रान्सने सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड १९९९ मध्येच थांबवलं होतं. युरोपीय संघाने ही तीन औषधं २०१३ मध्ये माश्या येणाऱ्या पिकांपुरती आणि २०१८ मध्ये उघड्यावरच्या सगळ्या पिकांवर बंद केली, कायमस्वरूपी हरितगृहं तेवढी सोडली. पुढे काही देश 'आणीबाणीची परवानगी' म्हणून पळवाट काढत राहिले, तर २०२३ च्या जानेवारीत युरोपीय न्यायालयाने बंदी असलेल्या औषधांच्या बीजप्रक्रियेसाठी तीही बंद केली.


तिसरी_बाजू

एवढी एकतर्फी बाजू नका मांडू. स्वीडनमध्ये २०१५ साली खऱ्याखुऱ्या शेतांवर मोठा अभ्यास झाला. मोहरीवर्गीय तेलबियांचं क्लोथियानिडिन लावलेलं बियाणं पेरलं. पेटीतल्या मधमाश्यांच्या वसाहतींवर ठळक परिणाम दिसला नाही. २०१७ चा तीन देशांतला अभ्यास पाहा, हंगेरी आणि ब्रिटनमध्ये वाईट परिणाम, जर्मनीत नाही. म्हणजे आजूबाजूला दुसरी फुलं किती, रोगराई किती, यावरही बरंच आहे. सगळं खापर एका औषधावर फोडलं की मग लोक ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली जुनी कीटकनाशकं परत काढतात. त्यातलं डायमेथोएट तर माश्यांवर इतकं भरवशाने विषारी आहे की चाचण्यांमध्ये तुलनेसाठी तेच वापरतात!


प्रयोगवही

दोन्ही अभ्यास तुम्ही बरोबर सांगितलेत. जुनी औषधं परत येण्याची भीतीही खरी. पण स्वीडनच्या त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग राहिला. त्याच शेतांवर रानटी माश्यांची संख्या घटली आणि भुंग्यासारख्या केसाळ बम्बलबीच्या वसाहती वाढेनात. पेटीतल्या वसाहतीत हजारो कामकऱ्या असतात, दहा-पाच टक्के गेल्या तर भरून निघतात. एकट्या राहणाऱ्या माशीकडे राखीव फौज नसते.

आणखी एक, हेही २०१५ चंच. वाटायचं की माशीला विषाची चव कळत असेल, ती टाळेल. साधं साखरपाणी आणि इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम घातलेलं साखरपाणी समोर ठेवलं, तर माश्यांनी औषधाचं जास्त प्यायलं. चव कळत नव्हती, पण ओढ लागत होती. निकोटिनचाच दूरचा भाऊबंद शेवटी.


निसर्गवाट

म्हणूनच म्हणते, रसायनं सोडा. जैविक फवारा, निश्चिंत राहा.


रानवाट

ताई, हेतू चांगला आहे, पण 'जैविक' शब्दाने माशी वाचत नाही. वर स्पिनोसॅडचा उल्लेख आला, ते मातीतल्या जिवाणूपासूनच मिळतं. वाळल्यावर दोन-तीन तासांत त्याचा धोका बराच उतरतो, म्हणून संध्याकाळी मारलं तर चालतं. सकाळी फुलांवर मारलं तर रासायनिकाइतकंच घातक. शेवंतीच्या कुळातल्या फुलापासून काढलेलं पायरेथ्रमही माशीला मारतं. कडुनिंबाचं अझाडिरॅक्टिन पूर्ण वाढलेल्या माश्यांना त्या मानाने सौम्य आहे, बीटी या जिवाणूची पावडर मुख्यतः किडींच्या अळ्यांपुरती. प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागतं.

माझ्या मते खरी बचत न मारण्यात आहे. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर किडी पकडणारे) लावा, आठवड्यातून दोनदा शेतात फिरून किडी मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच पंप काढा. 'शेजाऱ्याने मारलं म्हणून मी मारलं' यावर किती औषध जातं ते आपण सगळे जाणतो.


मोहोळवेडा

पेटीवाल्यांच्याही पदरात थोडं माप टाकतो, नाहीतर शेतकरीच तेवढा दोषी असं चित्र उभं राहील. २०१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पेट्यांमधलं मेण, पराग, माश्या असे ८८७ नमुने तपासले, त्यात १२१ कीटकनाशकं आणि त्यांचे अवशेष निघाले. मेणात सगळ्यात जास्त वेळा काय सापडलं? फ्लुवॅलिनेट आणि कुमाफॉस. ही शेतातली नव्हेत, माश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ गोचिडीसाठी पेटीवाल्यांनीच आत ठेवलेली. मेण वितळवून पुन्हा पत्रे पाडले की तेच विष पुढच्या पिढीला.


सायलीची_वही

एकट्या राहणाऱ्या माश्यांबद्दल कुणी लिहाल का? पेटी नाही, मध नाही, मालक नाही, मग त्यांच्या वतीने रुमाल घेऊन कोण येणार?


रानवाट

छान विचारलंत.

जगात माश्यांच्या २० हजारांहून जास्त जाती आहेत. पोळं करून समाजाने राहणाऱ्या त्यातल्या थोड्या. बाकीच्यांत एकेक मादी स्वतःच घर करते, बहुतेक जणी जमिनीत. पेन्सिलीएवढं किंवा त्याहून बारीक भोक, आत बोगदा, बाजूला कोठड्या. प्रत्येक कोठडीत परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, की दार बंद. तिचं काम काही आठवड्यांचं. ती मेली की ते घर तिथेच थांबलं, तिच्या जागी कुणी येत नाही. बीजप्रक्रियेतलं जे औषध मातीत उरतं ते यांच्या भिंतीत असतं. तणनाशकाने बांध साफ केला की पीक नसतानाची त्यांची फुलंही गेली.

त्या मेल्या तर कळतही नाही. कळलं ते एकदा, २०१३ च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये. वाहनतळावरच्या फुललेल्या लिंडेनच्या झाडांवर मावा पडला होता, त्यावर डायनोटेफ्युरान मारलं. खाली डांबरावर ५० हजारांहून जास्त बम्बलबी मरून पडल्या. गवत असतं तर कुणाच्या नजरेलाही आलं नसतं. मग त्या झाडांना जाळ्या गुंडाळल्या, कारण फुलं तशीच होती आणि माश्या येतच होत्या.


बांधावरचा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

बारापैकी चार पेट्या गेल्या. परागाच्या फ्रेम काढल्यावर दोन दिवसांत दाराशी मरणं कमी झालं, थांबलं नाही. दोन दुबळ्या एकत्र केल्या, त्यातली एक राणी नंतर दिसलीच नाही, पण दुसरीने अंडी धरलीयत. बाकीच्या सहा चालू आहेत, दोन तर चांगल्या भरल्यात. शेजारी म्हणतो, मूळ जोर यायला अजून दोन पिढ्या जातील.

सूर्यफुलाचं सांगायचं तर फवारणीनंतर जी तबकं फुलली त्यांच्या मधल्या भागात दाणे पोचट आहेत. माश्या नव्हत्या म्हणून, की पाण्याचा ताण पडला म्हणून, मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या ओळी मोजून ठेवल्या आहेत.

दोघांनी एक वही केली आहे. कुठे काय फुलणार, कधी, मी काय मारणार. निरोप दोन दिवस आधी, तोंडी नाही, लिहून. बुरशीनाशक आणि कीटकनाशक एका टाकीत नाही. मागच्या आठवड्यात दोडक्यावर मावा होता. पिकात फिरलो तर मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आधीच पोचले होते. चार दिवस थांबलो. मारावं लागलं नाही.

आता रानवाट यांना विचारायचंय. तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून बांध पाहायला गेलो. उताराकडच्या उघड्या मातीत बारीक भोकं आहेत, वीस-पंचवीस तरी. इतकी वर्षं मुंग्यांची समजत होतो. पाऊण तास बसलो, तेव्हा एका भोकात पाय पिवळे करून माशी शिरली. मधमाशीपेक्षा थोडी लहान, पोटावर पट्टे. तिथे मी दर वर्षी तणनाशक मारत आलोय. यंदा विळ्याने कापलं, तेही भोकांची जागा सोडून. आणखी काय करायचं?


रानवाट

काही नाही. नांगर तेवढा तिथे नेऊ नका, आणि पाणी सोडताना पाट त्या उतारावरून फोडू नका. भोकाभोवती ताज्या मातीची बारीक रास दिसली तर घर चालू आहे असं समजा. जमलं तर फोटो टाका, पण सकाळी दहाच्या आत जा. ऊन तापलं की त्या कामावर जातात.